काटा उलटा धावतो, त्याविषयी

प्रिय भाऊजी,

वहिनीचा आशीर्वाद. (तुम्ही माझ्याहून सात महिन्यांनी मोठे आहात हे लग्नापासून दर पत्रात मला आठवतं. पण नात्याने मी थोरली, तेव्हा आशीर्वाद मुकाट्याने घ्या. थोरलेपणाचा दुसरा कुठला फायदा मला या घरात मिळालेला नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? जाऊबाई लिहितात की जिना चढताना तुम्ही प्रत्येक पायरीला 'आई गं' म्हणता आणि उतरताना चकार शब्द काढत नाही. त्यावरून मला वाटतं की दुखणं गुडघ्यात नसून वर गेल्यावर सांगितल्या जाणाऱ्या कामात आहे. तरी तेल लावत जा. जाऊबाईंच्या शिंका थांबल्या का? इकडे आम्ही दोघं ठीक. ह्यांची पाठ सकाळी धरते आणि दुपारी सुटते. डावी भुवई अर्धी गेली आहे, पण ती परत येते असं खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले. भुवईबद्दल दातांच्या डॉक्टरांचं मत का घ्यावं लागलं, ते पुढे येईल. माझी तब्येत उत्तम आहे. नसती तरी आजारी पडायला जागा नाही, कारण घरातल्या प्रत्येक सपाट जागेवर कसले ना कसले सुटे भाग मांडलेले आहेत. हे पत्र मी शिवणयंत्रावर कागद ठेवून लिहिते आहे. ह्यांना वाटतं मी माझ्या बहिणीला स्वेटरचे टाके कळवते आहे.

तर मूळ विषय असा की मामंजींचा रेडिओ तुमच्या दादांनी उघडला आहे.

आता तुम्ही पत्र खाली ठेवलं असेल, चष्मा पुसला असेल आणि जाऊबाईंना हाक मारली असेल. घोटभर पाणी प्या आणि पुढे वाचा, कारण जे व्हायचं ते होऊन गेलं आहे आणि घर अजून उभं आहे.

मला या रेडिओचं नाव काढलं की सहा वर्षांपूर्वीची ती दुपार आठवते. तुम्हालाही आठवत असणार, पण तुम्ही कधी बोलत नाही म्हणून मीच लिहिते. तुम्ही आमच्या बैठकीच्या खोलीत, भरल्या पाहुण्यांत, रेडिओचं मागचं झाकण काढलंत. आतल्या एका डगमगत्या व्हॉल्व्हखाली ह्यांनी कागदाची घडी खोचली होती, ती चिमट्याने उचलून सगळ्यांना दाखवलीत (ती घडी म्हणजे छापखान्यातून आणलेलं प्रूफ होतं, तपासलेलं) आणि हसत म्हणालात, "दादा, तू आपला कागदावरच्या चुका काढ. यंत्राला तुझा हात लागला की ते आजारी पडतं." सगळे हसले. मीही हसले, हे कबूल करते, आणि त्याबद्दल मला पुढे पुष्कळ दिवस बिनबोलाचं जेवण जेवावं लागलं. ह्यांनी एवढंच म्हटलं, "मग या घरातल्या कुठल्याही वस्तूला तूही हात लावू नकोस." तुम्ही कप खाली ठेवलात आणि चपला घातल्यात. एका भावाने जन्मभर लोकांचे रेडिओ बोलते केले, दुसऱ्याने जन्मभर लोकांची वाक्यं सरळ केली, आणि दोघांना एकमेकांशी एक वाक्य बोलता येईना. तुमच्या मुलीच्या लग्नाला हे आले, पुढच्या रांगेत बसले, मांडववाल्यापासून फोटोवाल्यापर्यंत सगळ्यांशी बोलले, आणि तुम्ही समोरून गेलात की छताकडे बघत राहिले. भाऊजी, हे आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. आणखी सहा वर्षं अशी छताकडे बघण्यात घालवावीत इतकी शिल्लक कोणाकडे आहे, मला माहीत नाही. मला तुम्हा दोघांना एकदा भांडताना तरी ऐकायचं आहे. असो.

पाच महिन्यांपूर्वी हे छापखान्यातून कायमचे घरी आले. पहिला महिना त्यांनी घरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या तपासल्या. दुसऱ्या महिन्यात वाणसामानाची यादी लाल पेन्सिलीच्या खुणा होऊन माझ्याकडे परत येऊ लागली. तिसऱ्या महिन्यात मी म्हटलं, काहीतरी करा, पण माझं काही करू नका. तेव्हा त्यांची नजर कपाटावरच्या त्या रेडिओकडे गेली. दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याकडून रेडिओदुरुस्तीचं एक जाडजूड पुस्तक आलं. त्याला पहिली अकरा पानं नव्हती. ह्यांचं म्हणणं, पहिल्या पानांत प्रस्तावनाच असते. पुढे कळलं की त्या अकरा पानांत 'सुरुवात करण्यापूर्वी घ्यावयाची काळजी' होती.

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून शस्त्रक्रिया सुरू झाली. आतून बोटभर धूळ, माझी एक केसांची पिन, एक कोटाचं बटण आणि एक वाळलेली पाल निघाली. पाच व्हॉल्व्ह होते. ह्यांना अस्वच्छ वस्तू बघवत नाही. त्यांनी पाचही काढले, साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून एकेक असा चकचकीत पुसला की त्यात तोंड दिसावं. पुसून झाल्यावर पुस्तक उघडलं. पुस्तकात लिहिलं होतं की कुठला व्हॉल्व्ह कुठल्या खोबणीत जातो हे काचेवर छापलेल्या अंकावरून ओळखावं. अंक फडक्यावर आले होते. (तुम्ही कपाळावर हात मारलात, मला इथे ऐकू आलं.) भाऊजी, ज्या माणसाने पंचेचाळीस वर्षं छापलेलं एक अक्षर वाया जाऊ दिलं नाही, त्याने स्वतःच्या हाताने पाच व्हॉल्व्हवरचा सगळा मजकूर धुऊन टाकला होता. ते खुर्चीवर बसले आणि बराच वेळ त्या फडक्याकडे पाहत राहिले. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं, म्हणून मी चहा टाकायला गेले.

शेवटी कोपऱ्यावरच्या घड्याळजींना बोलावलं. ते डोळ्याला भिंग लावून आले, एक व्हॉल्व्ह उचलला आणि त्यावर 'हाऽ' करून तोंडाची वाफ सोडली. वाफ बसली तशी काचेवर पुसट आकडे उमटले आणि वाचेवाचेपर्यंत उडून गेले. मग काय! आम्ही तिघं टेबलाभोवती बसून एकेका व्हॉल्व्हवर 'हाऽ' करू लागलो. घड्याळजी वाफ सोडत, हे वाचत, मी लिहून घेत असे, मग घड्याळजींना दम लागला की पाळी बदलत असे. एका आकड्यावरून त्या दोघांचं जुंपलं. तो तीन की आठ, यावर तेवीस वेळा वाफ सोडून झाली. दार उघडंच होतं. समोरच्या बाई मीठ मागायला आल्या होत्या, त्या दारातूनच परत गेल्या. त्या अजून माझ्याकडे काळजीने बघतात.

व्हॉल्व्ह जागेवर बसले आणि ह्यांना वाटलं, झालं. त्यांनी वायर थेट भिंतीतल्या प्लगमध्ये घातली आणि बटण दाबलं. एक क्षण काही झालं नाही. मग आतून एक बारीक सूर निघाला, मग वास, मग फटाक् असा आवाज, आणि कंडेन्सर म्हणतात त्या नळकांडीच्या पोटातला चांदीचा कागद लांबलचक फीत होऊन ह्यांच्या चष्म्यावर आला. भुवई गेली ती तेव्हा. सगळ्या इमारतीचे दिवे गेले. खाली दातांच्या डॉक्टरांनी एका बाईंचा जबडा उघडून त्यात यंत्र घातलं होतं, ते तिथेच थांबलं. डॉक्टर वर आले तेव्हा हे खुर्चीवर चढून खिडक्या उघडत होते आणि मी भुवईवर ओलं फडकं धरण्यासाठी खुर्चीभोवती फिरत होते. डॉक्टर भले माणूस. त्यांनी भुवई पाहिली, त्या बाईंना पुन्हा दुसऱ्या दिवशी बोलावलं, आणि विचारलं, "तुमच्या घरात रेडिओ दुरुस्त करणारं कोणी आहे ना?" त्यावर हे म्हणाले, "होतं."

मी मुद्दाम हे लिहिते आहे. 'नाही' म्हणाले असते तर मीही गप्प बसले असते.

त्या दिवसापासून ह्यांचं एक नवीनच बोलणं सुरू झालं. मी विचारलं की भाऊजींना लिहू का, तर म्हणत, कोण भाऊजी? आणि अर्ध्या तासाने, भिंतीकडे बघून, "एखादा जाणकार असता तर त्याने आधी कंडेन्सर बदलले असते की आधी वीज लावून पाहिली असती, कोणास ठाऊक." मग मी तुम्हाला ते पत्र लिहिलं. 'माझ्या बहिणीच्या घरी एक व्हॉल्व्हचा रेडिओ आहे' वगैरे. माझ्या बहिणीकडे रेडिओ नाही, हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. तिच्याकडे काय काय नाही, याची यादी तुम्ही माझ्या लग्नातच केली होती. तरी तुम्ही सहा पानी उत्तर पाठवलंत. प्लग आणि रेडिओ यांच्या मध्ये साधा दिवा जोडा, दिवा मंदावला तर पुढे जा, लख्ख पेटून राहिला तर हात मागे घ्या, आणि बहिणीच्या यजमानांना सांगा की मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज बंद केल्यावरही साठा असतो, तो आधी रिकामा केल्याशिवाय बोट लावू नका. 'बोट लावू नका' खाली तुम्ही तीन रेघा ओढल्या होत्या. माझ्या बहिणीच्या यजमानांची तुम्हाला इतकी काळजी आहे हे पाहून मला भरून आलं. पत्र मी साखरेच्या डब्याखाली ठेवलं. ह्यांनी साखर सोडून चार वर्षं झाली, पण त्या दुपारी त्यांना साखर लागली. संध्याकाळी पाहते तर सहाच्या सहा पानांची नक्कल ह्यांच्या वहीत सुबक अक्षरात, आणि तुमच्या मूळ पत्रात दोन ठिकाणी लाल पेन्सिलीने स्वल्पविराम.

मग काम रांगेला लागलं. दिवा मंदावला. ह्यांनी एकेक जुना कंडेन्सर कापून नवा, कथलाचा डाग देऊन, बसवला. पहिले डाग बोराएवढे होते, पुढचे वाटाण्याएवढे, आता ज्वारीच्या दाण्याएवढे देतात. रेडिओच्या सांगाड्यावर जिथे जोड सुटलेला दिसे तिथे लाल पेन्सिलीने खूण करून ठेवत, छापखान्यात करत तशी. सगळे कंडेन्सर बदलले, एक सोडून. कोपऱ्यात एक आहे, त्याच्या दोन्ही टोकांना कथलाचे असले ओबडधोबड गोळे आहेत की बघणाऱ्याला वाटावं कोणी चमच्याने ओतले. मी म्हटलं, हा राहिला. हे म्हणाले, "तो धाकट्याने सोळाव्या वर्षी लावलाय. बाबा रागावले होते, म्हणून मी सांगितलं मीच लावला." आणि तीनदा तपासून म्हणाले, "बरा आहे." ह्यांनी आजवर माझ्या स्वयंपाकालाही 'बरा आहे' म्हटलेलं नाही, तेव्हा काय ते समजा. बाबांना खोटं सांगितल्याची ही गोष्ट तुम्हाला ठाऊक होती का? मला नव्हती.

आणि तीन आठवड्यांपूर्वी, गुरुवारी, रेडिओ लागला. सांगाडा टेबलावर उघडाच होता, ट्यूनिंगचं मोठं चाक हे बोटाने फिरवत होते. आधी व्हॉल्व्ह तांबूस झाले, मग घरघर, मग खरखर, आणि खरखरीतून एक बाई अगदी स्वच्छ आवाजात उद्याचं तापमान सांगू लागल्या. हे ताडकन उठले, मागे वळले आणि जिन्यापर्यंत ऐकू जाईल असे ओरडले, "धाकट्या, लागला रे!" खोलीत मीच होते. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो आणि बाई तापमान सांगत राहिल्या. मग हे म्हणाले की डोळ्यात धूर गेला. धूर नव्हता, भाऊजी. त्यांनी आत जाऊन तोंड धुतलं, आणि मी रेडिओ बंद केला, कारण मला काही ऐकू येईनासं झालं होतं.

आता घोडं अडलं आहे ते डायलच्या दोरीवर. बटण आणि काटा यांना जोडणारी ती वावभर दोरी सांगाडा बाहेर काढताना तुटली. मोठं चाक, दोन कप्प्या आणि एक स्प्रिंग यांतून ती कशी फिरत होती, याचं चित्र त्या हरवलेल्या अकरा पानांतही नसेल. पहिल्यांदा माझा बटणं लावायचा दोरा घेतला. तो ताणून लांबला आणि काटा निम्म्यात बसून राहिला. मग डॉक्टरांचा दात साफ करायचा दोरा. त्याला मेण असतं, बटण गरगर फिरे आणि काटा जागचा हलेना. आता घड्याळजींच्या मासे धरायच्या गळाची दोरी आहे, ती पक्की आहे. पण या कामाला तीन हात लागतात. ह्यांचे दोन आणि माझा एक असे तीन जमवून आम्ही सोळा दिवस ती दोरी ओवतो आहोत. स्प्रिंग दोनदा उडाली. एकदा कुंडीत सापडली, एकदा माझ्या अंबाड्यात. आणि एवढं करून काटा उलटा धावतो. बटण उजवीकडे फिरवलं की काटा डावीकडे जातो. मी ते नजरेला आणून दिलं तर म्हणतात, काट्याची चूक नाही, आकडे उलटे छापलेत. परवा बसून त्यांनी डायलची नवी पट्टी काढली, उजवीकडून डावीकडे, आणि छापखान्यातल्या जुन्या सोबत्याला विचारणार आहेत की अशी एक प्रत छापून मिळेल का. हसू नका. हसलात तरी मोठ्याने हसू नका, सहा वर्षं त्या हसण्यानेच गेली.

आज दुपारपर्यंतची हकिगत ही अशी आहे. तेव्हा एवढंच करा, दोरी कशी ओवायची त्याचं एक चित्र काढून पाठवा, मी साखरेच्या डब्याखाली ठेवीन. जाऊबाईंना माझी आठवण सांगा, गुडघ्याला जपा आणि माझं थोरलेपण मान्य असल्यास उलट टपाली उत्तर द्या.

तुमची,
वहिनी

ता. क. चित्र पाठवू नका. साखरेच्या डब्यापर्यंत स्वतःच यावं लागेल असा बेत करा. गुडघा दाखवायला इकडच्या डॉक्टरांकडे आलो होतो असं म्हणा, आमच्याकडचे डॉक्टर दातांचे आहेत ही गोष्ट मी सांभाळून घेईन. वर लिहिलेलं सगळं पत्र या दोन ओळींसाठी होतं.

ता. क. धाकट्या, हे पत्र टेबलावर उघडं होतं म्हणून वाचलं. मजकुरात तीन चुका आहेत. भुवई अर्धी नव्हे, पाव गेली. व्हॉल्व्हवर वाफ तेवीस वेळा नव्हे, एकोणीस वेळा सोडली, आणि तो आकडा आठ होता. उलट्या पट्टीचा विचार मी सोडला आहे. बाकी मजकूर बरोबर आहे. तुझं सहा पानी पत्र उपयोगी पडलं, अक्षर मात्र अजून तसंच. दोरीचं मला जमत नाही. चाकावर दोन वेढे की तीन आणि पहिला कुठून, हे लिहून कळणार नाही. हाताने दाखवावं लागेल. दुपारच्या गाडीला गर्दी नसते. – दादा

ता. क. भाऊजी, पत्र टेबलावर नव्हतं. ते शिवणयंत्राच्या खणात, स्वेटरच्या पुस्तकात, सुयांच्या डब्याखाली होतं. पाकीट चिकटवण्याआधी आणखी एक गोष्ट सांगते, ती तुमच्यापाशीच ठेवा. काल संध्याकाळी मी भाजी घेऊन आले, तेव्हा दारातूनच पाहिलं. दोरी बसली होती. हे एकटेच होते, बटण उजवीकडे फिरवत होते आणि काटा उजवीकडे जात होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी तो चार वेळा नेला आणि आणला. आज सकाळी पत्रात त्यांची ओळ दिसली म्हणून टेबलापाशी गेले, तर दोरी काढून गुंडाळी करून ठेवलेली आणि स्प्रिंग बशीत. विचारलं, तर म्हणाले, तुटली. मी ती उलगडून टोकापासून टोकापर्यंत बोटांतून काढली. कुठेही तुटलेली नाही.